‘खिडकीतून बाहेर बघणे’ इंग्रजीत कसे सांगावे

मराठीतला ‘-तून’ एकटाच तीन कामं करतो. नजर खिडकीबाहेर पडते तेव्हा ‘-तून’, काचेतून आरपार जाते तेव्हाही ‘-तून’ आणि जिथे उभं राहून बघतो ती जागा सांगायची तरी ‘-तून’च. इंग्रजीत या तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द आहेत: ‘आउट ऑव्ह’, ‘थ्रू’ आणि ‘फ्रॉम’. शाळेत ‘-तून म्हणजे फ्रॉम’ एवढंच पाठ होतं, आणि पुढे आयुष्यभर ‘ही इज लुकिंग आउटसाइड फ्रॉम द विंडो’ असली वाक्यं निघत राहतात. अर्थ कळतो, पण इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे तो असं बोलत नाही.

आधी मराठी वाक्यातलं क्रियापद बघा: ‘बघणे’ आहे की ‘दिसणे’? ‘बघणे’ असेल तर ‘लुक’, ‘दिसणे’ असेल तर ‘सी’. ‘दिसणे’मध्ये आणखी एक अडचण आहे. ‘खिडकीतून समुद्र दिसतो’ या वाक्यात बघणारा माणूसच नाही, आणि मराठीला तो लागतही नाही. इंग्रजीला सहसा लागतो. म्हणून ‘द सी इज सीन फ्रॉम द विंडो’ असं लिहू नका. ‘यू कॅन सी द सी फ्रॉम द विंडो’ म्हणा. हा ‘यू’ समोरचा माणूस नसतो, जो कोणी तिथे उभा राहील तो असतो. ‘फ्रॉम’ची खरी जागा इथे आहे: ‘सी’बरोबर आणि ‘व्ह्यू’बरोबर.

आता अवघड भाग. ‘लुक’ घेतलं की पुढे काय लावायचं?

नजरेला चेंडू समजा. खोलीत उभं राहून चेंडू उघड्या खिडकीबाहेर टाकला, तर तो ‘आउट ऑव्ह द विंडो’ गेला. आतून बाहेर जाणं हेच महत्त्वाचं, म्हणून ‘लुक आउट ऑव्ह द विंडो’. आपल्याला दहातल्या नऊ वेळा हेच म्हणायचं असतं. आता तोच चेंडू ‘थ्रू द विंडो’ टाका: डोळ्यासमोर काच येते, बहुधा फुटलेली. ‘थ्रू’ खिडकीच्या चौकटीकडे, काचेकडे, मधल्या अडथळ्याकडे लक्ष नेतं. काच धुळकट आहे, पावसाने ओघळली आहे, पडदा अर्धा ओढलेला आहे, असं काही सांगायचं असेल तरच बाहेर बघताना ‘थ्रू’ वापरा. शिवाय ‘थ्रू’ दिशा सांगत नाही. ‘ही लुक्ड थ्रू द विंडो’ वाचून तो माणूस घरात आहे की अंगणात, हे कळत नाही. बाहेरून आत डोकावत असेल तर स्पष्ट ‘लुक्ड इन थ्रू द विंडो’ लिहा. गाडीच्या पुढच्या काचेसाठी मात्र ‘थ्रू’च.

‘विंडो’ हा शब्द नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या ‘विंडआउगा’वरून आला, अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. खिडकीसाठीच्या आपल्या जुन्या शब्दांपैकी ‘वातायना’त वारा आहे आणि ‘गवाक्षा’त डोळा. नॉर्स लोकांनी दोन्ही एकाच शब्दात बसवले.

‘आउटसाइड द विंडो’ हे बघण्यासाठी नाही, जागेसाठी आहे. खिडकीबाहेर आंब्याचं झाड आहे: ‘देअर इज अ मँगो ट्री आउटसाइड द विंडो’. नुसतं बाहेर बघायचं असेल तर ‘लुक आउटसाइड’ म्हणा आणि खिडकीचं नावच घेऊ नका.

मग ‘ऑव्ह’चा वाद. ब्रिटिश लिखाणात ‘लुक आउट ऑव्ह द विंडो’, अमेरिकी लिखाणात सर्रास ‘लुक आउट द विंडो’. दोन्ही बरोबर. ‘ऑव्ह’ नाही म्हणून लाल रेघ मारणारे शिक्षक चुकतात. पण अमेरिकी मालिका बघून सगळीकडेच ‘ऑव्ह’ गाळणारेही चुकतात. ही सूट खिडकी आणि दार अशा आरपार वाटांपुरती आहे. घर, पिशवी, खोका यांना आतली जागा असते, तिथे ‘आउट ऑव्ह द हाऊस’, ‘आउट ऑव्ह द बॅग’ असंच. शंका असेल तर ‘ऑव्ह’ ठेवा. तो कुठेच चुकीचा ठरत नाही. मात्र स्पेलिंगमध्ये एफ एकच. मराठीत आपण हा ‘ऑव्ह’ आणि दोन एफवाला ‘ऑफ’ हे दोन्ही शब्द ‘ऑफ’ असेच उच्चारतो, म्हणून दोन एफ लिहिले जातात आणि वाक्य बिघडतं.

‘द’ कायम ठेवा, कोणती खिडकी ते आधी सांगितलेलं नसलं तरी.

‘वॉच आउट’ आणि नुसतं ‘लुक आउट!’ म्हणजे ‘सांभाळ!’, त्यामुळे ‘वॉच’ला थेट कर्म द्या: ‘वॉच द रेन’. टक लावून बघण्याला ‘स्टेअर’, ओझरतं बघण्याला ‘ग्लान्स’, डोळे बारीक करून बघण्याला ‘पीअर’. तिन्हींपुढे ‘आउट ऑव्ह’ तसंच बसतं. ‘ती खिडकीत उभी आहे’ म्हणजे ‘अ‍ॅट द विंडो’. खिडकीतली कुंडी ‘ऑन द विंडोसिल’. खिडकी रस्त्याच्या बाजूला असेल तर ‘द विंडो लुक्स आउट ऑन द स्ट्रीट’. इथे बघणारी खिडकीच.

आता एक वाक्य पूर्ण करून बघा: ‘एसटीच्या खिडकीतून बाहेर बघता बघता माझा थांबा गेला.’ बघणे आहे, म्हणून ‘लुक’. आतून बाहेर, म्हणून ‘आउट ऑव्ह’. ‘एसटीची खिडकी’ला ‘द विंडो ऑव्ह द बस’ असा लांबचा वळसा नको, ‘द बस विंडो’ पुरे. ‘आय वॉज लुकिंग आउट ऑव्ह द बस विंडो अँड मिस्ड माय स्टॉप.’