कोह मूकच्या एमराल्ड गुहेत पोहत जायचंय? मग आधी ओहोटी बघा

मागच्या मार्चमध्ये आम्ही सांगली-तासगावची अकरा माणसं थायलंडला जाऊन आलो, त्यात कोह मूक बेटावरची एमराल्ड गुहा केली आणि तेव्हापासून पाहुण्यांत जो तो विचारतोय की कसं जायचं, पोहता येत नसेल तर चालतंय का, आईला न्यावं का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

गुहा दक्षिण थायलंडात त्रांग प्रांतात आहे, अंदमान समुद्राच्या बाजूला. तिकडं तिला थाम मोराकोट म्हणतात, मोराकोट म्हणजे आपला संस्कृतातला मरकतच, पाचू. बेटाच्या पश्चिमेच्या कड्यात पाण्यालगत एक बुटकं तोंड आहे, तिथनं साधारण 80 मीटर अंधारात पोहत गेलं की एकदम वर आभाळ दिसतं, चारी बाजूला उभे कडे, त्यावर झाडी आणि मध्ये पांढऱ्या वाळूचा एवढासा किनारा. चुनखडीचा डोंगर पाण्यानं आतनं झिजून पोकळ झाला आणि छत कोसळलं, त्यातनं ही जागा तयार झाली. आपल्याकडच्या मोठ्या दगडी विहिरीच्या तळाला उभं राहून वर बघावं तसं वाटतं.

जायचं कधी, तर नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्या कोकणावर येतो तोच नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या किनाऱ्यावरपण येतो, त्यामुळं मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊच नका. द्राक्षबागवाल्यांना माल गेल्यावर आणि एप्रिल छाटणीच्या आधी जे थोडे दिवस मिळतात ते बरोबर बसतात. मिरजेहून रेल्वेनं मुंबई, तिथनं बँकॉक, बँकॉकहून त्रांगला छोटं विमान नाहीतर रात्रीची रेल्वे. एक मात्र बघा, बँकॉकला दोन विमानतळ आहेत, मुंबईचं विमान बहुतेक सुवर्णभूमीला उतरतं आणि त्रांगचं डॉन मुआंगवरनं सुटतं, मध्ये चांगले चार-पाच तास ठेवा. त्रांगहून व्हॅननं धक्क्यावर आणि पुढं बोटीनं बेटावर. गुहेपर्यंत लाँगटेल बोट, म्हणजे मागं लांब दांड्याचं इंजिन असलेली लाकडी होडी, बेटावरच ठरवता येते, आम्ही पूर्ण बोट घेतली कारण मग वेळ आपल्या हातात राहते, आणि इथं वेळच सगळ्यात महत्त्वाची आहे.

का ते सांगतो. पूर्ण भरतीला छत आणि पाणी यांच्यातली जागा कमी होते आणि लाट आली की डोकं वर लागायची भीती. म्हणून ओहोटी लागलेली असतानाच आत शिरायचं, म्हणजे तुम्ही आत असेपर्यंत पाणी उतरतच राहतं. भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढं सरकते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरती काढतात तो हिशोब तिकडं लावू नका, जागा बदलली की वेळ बदलते, त्रांगचंच टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघा आणि बोटवाल्याला आदल्या संध्याकाळी विचारा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं, तेव्हा तर जास्तच जपून. पाचूचा रंग बघायचा तर ऊन डोक्यावर पाहिजे, त्यामुळं दुपारी बाराच्या आसपास ओहोटी चालू असेल असा दिवस सापडला तर सोनंच. आम्ही त्यासाठी एक दिवस बेटावर थांबलो, आणि बरं केलं.

आता पोहण्याचं. आमचे दाजी म्हणाले, आम्ही आयर्विन पुलाखाली पोहलेली माणसं, विहिरीत मुटके मारलेत, आम्हाला लाइफ जॅकेट कशाला. तरी घालायला लावलं. विहिरीत दमलं की कडेचा दगड धरता येतो, इथं कडेला हात लावला की धारदार शिंपले कापतात, आणि अंधारात पुढच्याची लाथ कधी बसेल सांगता येत नाही. जॅकेट घातल्यावर कुणालातरी खांद्याला धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे, पट्टे आवळा.

आमची आत्या 61 वर्षांची, कृष्णेच्या घाटावर गुडघाभर पाण्यापलीकडं कधी गेली नव्हती. जायच्या आधी चार दिवस सकाळी तिला टँकवर नेलं आणि जॅकेट घालून फक्त पाठीवर पडून राहायला शिकवलं, बाकी काही नाही. पोहता न येणाऱ्यांसाठी एवढं खरंच पुरतं. गुहेत सगळे एका ओळीत, प्रत्येकानं पुढच्याच्या जॅकेटचा पट्टा धरायचा, वाटाड्या टॉर्च घेऊन पुढं. वळण आलं आणि मागचा उजेड गेला तशी आत्यानं पांडुरंग पांडुरंग सुरू केलं, तो आवाज दगडावर आपटून असा घुमत परत यायचा की सगळी ओळ गप्प झाली. मग पुढं पाण्याखालनंच हिरवा उजेड दिसायला लागला आणि तिच्या हाताची पकड सैल झाली ते मला माझ्या पट्ट्याला कळलं.

ज्याला दम्याचा, हृदयाचा त्रास आहे त्यानं आधी डॉक्टरांना विचारा. बंद जागेची भीती असेल तर बोटीतच थांबा, जबरदस्ती कुणावर करू नका.

बायकांना पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिन्स चालतात, ओढणी नको, सुती ड्रेस भिजला की जड होतो. अंगठ्या, पैंजण, मंगळसूत्र खोलीवर कुलपात. तिथल्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असली रसायनं असलेल्या सनस्क्रीनला 2021 पासून बंदी आहे, दंड 1 लाख बाथपर्यंत, घेताना मागचं लेबल वाचा. मोबाइलचं वॉटरप्रूफ पाकीट घरीच तपासा, आत कोरडा टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. आमच्या तीनपैकी एक पाकीट सांगलीतच बादलीत गळलं, नाहीतर भाच्याचा फोन गेलाच होता. डोक्याला लावायचा टॉर्च माणशी नसला तरी तिघांत एक तरी असू द्या, आणि तो पुढच्याच्या डोळ्यांवर न मारता पाण्यावर मारा.

आत पोचल्यावर वाळूवर अर्धा तास पुरतो. वाटाड्यानं हाक मारली की फोटो अर्धवट टाकून उठा, त्याचं लक्ष पाण्याकडं असतं. परत येताना शेवटच्या वळणानंतर टॉर्च बंद करायला सांगा, बाहेरचं ऊन पाण्यातनं आत येतं आणि आपले स्वतःचे पाय हिरव्या उजेडात हलताना दिसतात.