‘गोळी घेतलीस का?’ एवढंच विचारत असाल, तर

कॅन्सरची गोळी घरी आली की सल्ले सुरू होतात. अलार्म लावा, सात खणांची डबी आणा, फ्रिजवर तक्ता चिकटवा. आणा, चिकटवा, दहा मिनिटांचं काम. पण अलार्म विसरभोळ्यांसाठी. ज्याने आज गोळी घ्यायची नाही असं ठरवलंय, तो अलार्म बंद करून चहा पीत बसतो.

माझ्या आईला सीएमएल आहे, रक्ताचा हळू वाढणारा कॅन्सर. इमॅटिनिब 400 मिलिग्रॅम, रोज एक, नऊ वर्षं. ओपीडीच्या बाकावर ओळखी झालेल्या कितीतरी जणांच्या गोळ्याही मी मोजून दिल्यात.

वेळ घड्याळाशी नाही, दिवसातल्या मोठ्या जेवणाशी बांधा. जेवण झालं की गोळी, वर मोठा ग्लासभर पाणी. स्ट्रिप उघडली की तिच्यावर मार्करने तारीख.

आता मोजणी. इथे मी सपशेल फसले होते. दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजायचे, हिशेब चोख लागायचा. तरी तिसऱ्या वर्षी पीसीआरचा, म्हणजे रक्तात कॅन्सर किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा वर सरकला. दिवाळीची साफसफाई करताना देव्हाऱ्यातली कुंकवाची जुनी डबी उघडली, तर आत वीस गोळ्या, कुंकवाने माखलेल्या. महागाची वस्तू, टाकून द्यायला तिचा हात धजेना. आधी मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, “उपाशीपोटी घेऊ नका, असं डॉक्टरच म्हणाले ना?” महिन्याचे चार सोमवार, दोन एकादश्या, एक संकष्टी. तीन महिन्यांचे एकवीस उपास, त्यातली एक एकादशी सोमवारी आलेली. वीस!

म्हणजे 90 पैकी 70 गोळ्या पोटात, 78 टक्के. शाळेत हा फर्स्ट क्लास. इथे नाही. लंडनच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या 87 रुग्णांचा अभ्यास छापला. बाटलीच्या झाकणात चिप होती, झाकण कधी उघडलं ते तीन महिने नोंदलं गेलं. 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत औषधाचा चांगला परिणाम दिसण्याची सहा वर्षांतली शक्यता 94.5 टक्के, त्याहून कमी घेणाऱ्यांत 28.4. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही त्या रेषेवर आलात.

म्हणून नुसतं मोजू नका, आणि चोरून तर मुळीच नको. माणूस अपमान समजतो आणि नवी डबी शोधतो. “घेतलीस का?” याचं उत्तर कायम “हो” असतं. त्याऐवजी गोळ्या समोर ठेवून विचारा, “या महिन्यात किती घ्यायच्या राहिल्या?” राहणारच, हे गृहीत धरून. मग कारणं बाहेर पडतात. कुणाला मळमळ, कुणाच्या पोटरीत रात्री गोळे. एका काकूंनी मुलीच्या लग्नाआधी आठवडाभर बंद ठेवली होती, फोटोत डोळ्यांखालची सूज नको म्हणून. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो. आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितलं, उपासाची भगर-आमटी पोटभर खाल्ली की तेही जेवणच. प्रश्न मिटला. पैशांपायी एकाआड एक दिवस घेणाऱ्याला मात्र उपदेश करू नका. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात घेऊन जा.

राहिलेल्या गोळ्यांचा खरा आकडा पीसीआरच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांना सांगाच. लपवलात, तर औषध लागू पडत नाही असं वाटून ते डोस वाढवतील किंवा औषधच बदलतील. शिव्या बसल्या तर बसू द्या.

बाकी किरकोळ. कालची राहिली म्हणून आज दोन घ्यायच्या नाहीत. घेतल्यावर उलटी झाली तर मनाने दुसरी नको, फोन करून विचारा. टीबीच्या रिफाम्पिसिनने किंवा फिटच्या फेनिटॉइनने या गोळीचा असर घटतो, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ही स्ट्रिप सोबत न्या. प्रवासात चार दिवसांच्या जादा गोळ्या, त्याही हातातल्या पिशवीत.