"धरण दरवर्षीच गळतं" असं म्हणून झोपू नका

आमच्या वाडीच्या डोक्यावर लघु पाटबंधाऱ्याचं मातीचं धरण आहे. धरण गळतंय असं कुणी म्हटलं की ओटीवरून उत्तर येतं, "तां दरवर्षीच गळता." यात खोटं काही नाही, म्हणूनच ते घात करतं. मातीचं धरण पाझरतंच. पायथ्याला दगडगोट्यांची नाली काढलेली असते ती त्याच पाण्यासाठी. बघायचं असतं ते हे की आजचं पाणी कालच्यापेक्षा वाढलंय का आणि त्याचा रंग काय आहे.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. नंतर मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं आणि राज्यभर चेष्टा झाली. खेकडे धरणाच्या मातीत बिळं करतात, ते खरंच आहे. पण ती बिळं वेळच्या वेळी शोधून बुजवायचं काम काही खेकड्यांचं नव्हे.

गढूळ पाणी "पावसाचंच" समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पावसाळ्यात सगळंच तांबडं दिसतं, त्यामुळे डोळा फसतो. मी काचेची बाटली नेतो. पाझर जिथून बाहेर येतो तिथेच ती भरायची, वरून वाहून येणारं पाणी त्यात येऊ द्यायचं नाही. मग ती घरी खिडकीत रात्रभर ठेवायची. सकाळी तळाशी मातीचा थर बसला असेल तर ती माती बहुधा धरणाच्या पोटातली आहे. आतून एक नळी कोरली जातेय आणि ती दर तासाला रुंदावू शकते. पाणी नितळ असेल पण धार वाढत असेल, तरीही कळवा. आणि धार डोळ्यांदेखत गढूळ होत असेल तर रात्रभर बाटली बघत बसू नका, आधी फोन करा.

बाकीच्या खुणा: पायथ्याला चिखलाची उकळी फुटणं, माथ्यावर खड्डा पडणं किंवा आडवी भेग जाणं, उतार पोटासारखा फुगणं, भिंतीजवळ पाण्यात भोवरा फिरणं. भोवरा दिसला तर जवळ जाऊन खात्री करू नका. मे महिन्यात सगळा माळ करपलेला असताना धरणाच्या उतारावर एकच हिरवागार पट्टा दिसला, तर ती गळती. गुराख्याला ती आधी दिसते. त्याला विचारतं कोण!

भोक बुजवणं

गळती दिसली की दोन जण फावडं आणि प्लास्टिकचा कागद घेऊन धावतात. बाहेरून तोंड बंद केलं तरी आत दाब तसाच राहतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. जाणकार अभियंते वाळू आणि खडीचे थर टाकतात, म्हणजे पाणी बाहेर येतं पण माती अडते. ते काम त्यांचं. आपण बुजवायचं नाही आणि खणायचंही नाही.

सांडव्याचंही, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर जातं त्या वाटेचंही, तसंच. चढणीच्या माशांसाठी कुणी तिथे जाळं लावतो, कुणी जास्त पाणी साठावं म्हणून फळ्या ठोकतो. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून जातं, आणि मातीचं धरण माथ्यावरून वाहिलं की फार वेळ टिकत नाही. धरणावर झाडंही लावू नका. मुळं कुजली की आत पोकळ्या राहतात.

फोटो ग्रुपवर टाकून मोकळं होणं

फोटो मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोचतो, शाखा अभियंत्यापर्यंत पोचत नाही. आधी फोन: पोलीस पाटील, तलाठी, पाटबंधारे किंवा जलसंधारणाची शाखा, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, नाहीतर 112. सांगताना जागा सांगा: "विमोचकापासून सांडव्याकडे चाळीस पावलांवर, खालच्या बाजूला." (विमोचक म्हणजे धरणातून पाणी सोडायचं दार.) फोटोत छत्री ठेवा म्हणजे भोकाचं माप कळतं.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा हे सगळं आहे. पण तो 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो, 10 ते 15 मीटरच्या धरणांना काही अटींवर. त्याहून बुटक्या तलावांच्या बाबतीत हा कायदा आड येत नाही, पण मदतीलाही येत नाही. तिथे गावाचेच डोळे.

भोंग्याची वाट बघणं

सह्याद्रीतून उतरणाऱ्या आपल्या नद्या आखूड आणि उतार तीव्र. वरच्या वाड्यांच्या हातात तास नसतात, मिनिटं असतात. वीज आणि नेटवर्क मुसळधार पावसात आधीच गेलेलं असतं. म्हणून आमच्याकडे देवळाची घंटा ठरली आहे: सलग वाजत राहिली की पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, थेट सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर. पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेने पळायचं नाही, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओलांडायचा नाही, गाडी काढायची नाही. गुडघाभर पाण्याचा लोंढाही माणसाला उभं राहू देत नाही. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रात्री गुरांची दावी आधीच सोडून ठेवा, कारण मागे फिरणारी माणसं बहुतेक गोठ्याकडेच फिरतात.

आणि पाऊस कोसळत असताना वहाळाचं पाणी एकदम उतरलं तर "बरं झालं" म्हणू नका. वर दरड कोसळून पाणी अडलेलं असू शकतं, तेही फुटतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही घंटा वाजवून बघितली. शेवटचा माणूस सड्यावर पोचायला अकरा मिनिटं लागली. तो आमचा काका, अर्ध्या पाखाडीतून छत्री आणायला परत गेला होता. आकाशात ढगही नव्हता.