इलेक्ट्रिशियनचा पगार: आकडा नंतर, हुद्दा आधी वाचा

चाकणला ठेकेदाराचा माणूस 'महिना बावीस हजार' म्हणाला की पहिला प्रश्न विचारायचा, किती तासांचे? बारा तासांची ड्यूटी असेल तर हिशोब असा. २६ दिवस रोज ८ तास, म्हणजे २०८ तास साधं काम. वरचे रोजचे ४ तास म्हणजे १०४. पण जादा कामाचा दर दुप्पट, म्हणून पैशाच्या हिशोबात तेही २०८ तासच. थोडक्यात निम्मी रक्कम ओव्हरटाइमची आणि आठ तासांचा तुमचा पगार ११,०००. ज्या महिन्यात कंपनीने ओव्हरटाइम बंद केला, त्या महिन्यात खोलीचं भाडं कुठून देणार? शिवाय पीएफचे १२ टक्के, ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के आणि २०० रुपये व्यवसाय कर जाणारच. या कपातीला घाबरू नका. कपात होतेय म्हणजे निदान तुमचं नाव कुठेतरी लागलंय.

आता नाव लागलंय ते कशाखाली, ते बघा. आयटीआय झालेला मुलगा मुलाखत इलेक्ट्रिशियनची देतो, काम पॅनलचं करतो, आणि पगाराच्या स्लिपवर छापलेलं असतं 'हेल्पर'. घाईत कुणी वाचत नाही. वाचलं तरी 'सगळ्यांचं तसंच असतं' म्हणून सोडून देतात. सोडू नका. किमान वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांवर ठरतं आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. हेल्पर लिहिलं की तुम्ही खालच्या वर्गात गेलात, आणि ठेकेदाराने कमी दिलेला पगारही कागदावर कायदेशीर ठरतो. पुढची कंपनी मागच्या तीन स्लिपा मागते. तिथे हेल्पर दिसलं की बोलणी हेल्परच्या पगारापासून सुरू. ठेकेदाराच्या लेटरहेडवरचा दाखलाही तसाच निघतो: 'अमुक काळ आमच्याकडे कामास होता.' काय काम, किती व्होल्टेजवर, कोणत्या तारखेपासून, काहीच नाही. सही करण्याआधी नेमणूकपत्रात हुद्दा 'इलेक्ट्रिशियन' लिहून घ्या. 'नंतर बदलून देतो' हे उत्तर नकारच समजायचं.

दुसरी गोम यूएएनची, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या क्रमांकाची. दरवर्षी ठेकेदार बदलतो, काम तेच राहतं. नव्या ठेकेदाराला जुना यूएएन दिला नाही तर नवा क्रमांक निघतो आणि अनुभवाचे तुकडे होतात. महिन्यातून एकदा पीएफचं पासबुक उघडून कपात खरंच भरली जातेय का ते पाहा. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या मालकाने टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. दोन वर्षं हेल्परच्या नावावर गेली असतील तरी सगळं संपलं असं नाही. पासबुकातला काळ खराच आहे, हुद्दा पुढच्या नेमणुकीत दुरुस्त करून घ्या.

पगार खरा वाढतो तो कंट्रोल वायरिंगला, म्हणजे मोटर सुरू-बंद करणाऱ्या सर्किटला, हात बसल्यावर. स्टार-डेल्टा स्टार्टरचं ड्रॉइंग पाहून मल्टिमीटरने दोष शोधता आला, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) चिकटलाय, ओव्हरलोड ट्रिप झालाय की टायमर फिरत नाही, हे दहा मिनिटांत सांगता आलं, की मेंटेनन्सवाले तुम्हाला सोडत नाहीत. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) आणि पीएलसी (यंत्रं प्रोग्रॅमने चालवणारा कंट्रोलर) त्यानंतर. आधी पीएलसीचा महागडा क्लास लावणं म्हणजे पाया नसताना स्लॅब टाकणं. आणि मिस्त्री निवडताना त्याचा पसारा पाहू नका. पाच वर्षं झिऱ्याच (भिंतीत पाइपासाठी खाचा) मारायला लावतो आणि डीबी (वीज वाटणारा बोर्ड) स्वतः एकटा बांधतो, अशा मिस्त्रीकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नये, मग तो कितीही प्रेमळ असो.

सरकारी वाटेसाठी एनसीव्हीटीचं (आयटीआयचं केंद्रीय) प्रमाणपत्र जपून ठेवा आणि अप्रेंटिसशिप टाळू नका. ती केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. महावितरणने २०२३ च्या अखेरीस विद्युत सहायकाच्या ५,३४७ जागा काढल्या. पहिली तीन वर्षं मानधनच: १५, १६ आणि १७ हजार. तीन वर्षं काढायची तयारी हवी. पण तोवर हातावर हात ठेवून बसू नका.

स्वतःचं काम करायचं तर परवाना लागतोच. नव्या जोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. ती सही विकत घेऊन काम करणारे खूप आहेत. एक दिवस शॉर्टसर्किट होतं आणि सही करणारा फोन उचलत नाही. आधी तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना, मग पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, या क्रमानेच जा.

घरकामात पॉइंटचा भाव बोलताना झिरी, पाइप, बॉक्स आणि टू-वे स्विच त्यात धरलेत का, हे लिहून घ्या. वायरचा अंदाज इथे चुकतो: डीबीपासून एसी १५ मीटरवर म्हणजे वायर १५ मीटर नव्हे. फेज, न्यूट्रल आणि अर्थ (अर्थिंगची तार) मिळून ४५, तेही तीन रंगांत. ९० मीटरची तीन बंडलं घेतलीत तर उरलेली वायर तुमच्या गळ्यात. पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदीला जाण्याआधी दुसऱ्या कोणत्या सर्किटला तीच जाडी लागते ते मांडा. साधारण लाइटला १.५, सॉकेटला २.५, एसी-गिझरला ४ चौरस मिमी. आणि न्यूट्रल आणि अर्थ एखाद्या बॉक्समध्ये चिकटले असतील तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती पकडून वीज तोडणारा स्विच) लोड टाकल्यावर उडतो. एमसीबी बदलून ते जात नाही. पट्टीवरचा एकेक न्यूट्रल सोडवून अर्थशी मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासायचा, तोही पैसे घेण्याआधी. नंतर कोथरूडहून वाघोलीला मारावा लागणारा फेरा तुमच्याच खिशातून जातो.