पहिले पिस्तूल निवडताना

परवाना हाती आल्यावरच दुकानाची पायरी चढावी आणि किमतीआधी पकड पाहावी: मूठ घट्ट धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज टेकले पाहिजे. 1902 पासून प्रचारात असलेले 9 मिमी पॅराबेलम काडतूस त्यामानाने स्वस्त पडते, मात्र काही देशांत ते नागरिकांना वर्ज्य असल्याने कायदा आधी तपासावा. खिशात मावणारे चिमुकले पिस्तूल कितीही मोहक वाटले, तरी हलकेपणामुळे ते हाताला जोरात झटका देते, म्हणून नवशिक्याने मध्यम आकाराचेच घ्यावे. वापरलेले घेताना मॅगझिन (काडतुसे भरायचा सुटा कप्पा) काढून, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून, नळीत उजेड सोडून गंज पाहावा. सरावाची काडतुसे आणि कुलूपबंद पेटी यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत.