आगळ म्हणजे सरबत नव्हे : कोकम वापरताना या चुका टाळा

सुट्टीत आलेल्या भाच्याने फ्रीजमधली आगळाची बाटली काढली, पेल्यात चांगलं चार बोटं ओतलं, वर गार पाणी घातलं आणि पहिलाच घोट मोरीत थुंकला. त्याला वाटलं, सरबत. चूक त्याची नाही, बाटलीवर चिठ्ठी लावायला मीच विसरले होते.

कोकमाचे निम्मे घोटाळे इथेच होतात. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, एकच, पण मिठात मुरवून काढलेला रस म्हणजे आगळ, साखरेत मुरवलेला तो अमृत कोकम, रसाची पुन्हा पुन्हा पुटं देऊन उन्हात वाळवलेली सालं ती आमसुलं, आणि बियांचं घट्ट तेल ते मुठेल. बोलताना आपण यातल्या निम्म्याअधिक गोष्टींना सरसकट ‘कोकम’ म्हणतो. मग ‘कोकम थंड असतं’ एवढंच ऐकून रक्तदाबाचा माणूस रोज आगळ पितो, म्हणजे मीठ पितो, आणि मधुमेह असलेला साखरेचा पाक. अशांनी आमसुलं धुऊन भिजत घालावीत आणि ते पाणी प्यावं. आगळ सोलकढीत घालतानाही आधी चव बघा, मीठ नंतर.

दुसरा घोळ ‘पित्त’ या शब्दाचा. अंगावर गांध्या उठल्या तरी पित्त, छातीत जळजळलं तरी पित्त. आमसुलाचं पाणी प्यायचं आणि अंगाला चोळायचं, हा घरगुती उपाय मुख्यतः गांध्यांवरचा. चार-पाच आमसुलं धुऊन कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायची, कुस्करायची, गाळायची. न धुता वापरलीत तर खाजवून सोललेल्या कातडीवर मीठ असं झोंबतं की गांध्या परवडल्या. ओठ, पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला, तर मात्र आमसुलं शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि आम्लपित्तवाल्यांनो, कोकम शेवटी आंबटच. जेवणानंतर सोलकढी मानवते म्हणून उपाशीपोटीही मानवेल असं नाही.

वजन उतरवणाऱ्या ‘गार्सिनिया’च्या गोळ्या बहुधा मलबारी चिंचेच्या असतात. ती आपल्या कोकमाची नातलग, पण कोकम नव्हे. अमेरिकेत 1998 साली 135 जणांवर 12 आठवडे प्रयोग झाला, तेव्हा या गोळ्या आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या यांत फरक पडला नाही. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आमटीतल्या दोन आमसुलांना घाबरायचं कारण नाही.

स्वयंपाकघरात सर्वात जास्त फसते ती डाळ. कच्च्या डाळीतच आमसूल टाकलं की आंबटपणामुळे ती शिजता शिजत नाही, चार शिट्ट्या जास्त काढा नाहीतर सहा. डाळ घोटून झाल्यावर, उकळी फुटताना आमसूल घाला. सोलकढीचं उलट आहे, तिला आच दाखवायचीच नाही, नाहीतर नारळाचं दूध फुटतं.

आगळ, आमसुलं ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांत ठेवू नका. ज्या आमसुलाने तांब्या लख्ख होतो, ते त्याच तांब्यात ठेवल्यावर काय करेल? बरणी चिनीमातीची किंवा काचेची, तीही उजेडापासून लांब, कारण रंग उजेडात उडतो. आमसुलांवर पांढरे कोरडे कण दिसले म्हणून फेकू नका, बहुतेकदा ते मीठ असतं. केसाळ, हिरवट थर आणि कुबट वास असेल तर मात्र बुरशी.

विकतच्या सरबताचा संशय आला तर चमचाभर सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाका. कोकमाचा खरा लाल रंग सोड्याने बदलून मळकट जांभळा-निळसर होतो. लालभडक तसाच राहिला तर रंग वरून घातलाय असं समजा. पदरावर सांडलेल्या सोलकढीचा डाग साबण लागताच निळा पडतो, तोही याचमुळे.

राहिलं मुठेल. ते उन्हाळ्यातही घट्टच असतं, सुमारे 40 अंशांला वितळतं. भेगांसाठी ते पळीत कडकडीत तापवून थेट टाचेत ओतणारे मी पाहिलेत. नुसतं विरघळेल इतकंच तापवा, आधी पाय धुऊन पुसा आणि बोटाने तेल भेगेत दाबून मोजे चढवा. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर चटका कळतच नाही. तेव्हा तेल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी बोटावर आधी पडू द्या, आणि भेग खोल असेल किंवा रक्त येत असेल तर मुठेल बाजूला ठेवून डॉक्टरांना पाय दाखवा.