गावच्या पत्त्यावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कशी काढावी

रावेरचा केळी वेफर्सवाला असो, दोंडाईच्याचा मिरची पावडरवाला असो की जळगावचा डाळवाला, कंपनी काढायची म्हटली की त्याला तीन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. बँकेत एक लाख दाखवावे लागतात, ऑफिस शहरातच लागतं आणि मुंबईच्या चकरा चुकत नाहीत. तिन्ही चूक. किमान भांडवलाची अट २०१५ सालीच गेली. राहत्या घराचा पत्ता चालतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो तपासला जातो हरियाणातल्या मानेसरच्या सरकारी नोंदणी केंद्रात.

एकट्याचं दुकान असेल तर या भानगडीत पडू नका. प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, आणि छोट्या उद्योगांसाठीची फुकट होणारी सरकारी उद्यम नोंदणी पुरे आहे. कंपनी झाली की वर्षभरात एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट करावंच लागतं. भागीदार आहे, बाहेरून भांडवल आणायचंय, धंद्याचं देणं घर-शेतीपासून लांब ठेवायचंय, तरच पुढे जा. तेव्हाही बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी बहुतेक मागतेच, हे आधीच धरून चाला.

किमान दोन संचालक आणि दोन भागधारक, म्हणजे शेअर घेणारे मालक, लागतात. तीच दोन माणसं दोन्हीकडे चालतात. दोघांची डिजिटल सही काढून घ्या. पॅन आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच हवं. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी असतं. ते आधी दुरुस्त करा.

कंपनीचं नाव ‘स्पाइस प्लस’ या नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मच्या पहिल्या भागात मागायचं. दोन पर्याय देता येतात, फी १००० रुपये. ‘खान्देश’ किंवा ‘तापी’पुढे नुसतं अ‍ॅग्रो नाहीतर फूड्स जोडू नका, आधीच्या एखाद्या नावाशी ते सहज जुळतं. ट्रेडमार्कच्या नोंदीही तपासा. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवलं जातं, म्हणून बाकीचे कागद तयार झाल्याशिवाय नाव मागूच नका.

आता नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता. अर्ज परत येतो तो इथे, आणि सुरुवातीला मीही इथेच अडलो होतो.

नियम असा की लाईट बिल दोन महिन्यांच्या आतलं हवं आणि जागामालकाच्या नावाचं हवं. खेड्यात घर वडिलांच्या नावावर असतं आणि बिल वारलेल्या आजोबांच्या. “चालून जातं हो” असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आधी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, वारसांची नोंद करून घ्या, मग तो उतारा जोडून महावितरणकडे बिलावरचं नाव बदलायचा अर्ज करा. वेळ लागतो, म्हणून कंपनीचा विचार पक्का झाला की पहिलं काम हेच.

दुसरी अडचण पत्त्याची. गावच्या बिलावर पुष्कळदा मालकाचं आणि गावाचं नाव एवढंच असतं, घर क्रमांकाचा पत्ता नसतो. उताऱ्यावर मिळकत क्रमांक असतो, पण ग्राहक क्रमांक नसतो. तपासणाऱ्याला या दोन जागा वेगळ्या वाटतात. जागामालक कंपनीला जे ना हरकत पत्र देतो, त्यात दोन्ही कागद बांधा. मी असं लिहून घेतो: “मौजे अमुक, ता. यावल, जि. जळगाव येथील ग्रामपंचायत मिळकत क्र. अमुक ही माझ्या मालकीची असून तेथील वीजजोडणीचा ग्राहक क्र. अमुक आहे. सदर जागा कंपनीने नोंदणीकृत कार्यालय म्हणून वापरण्यास माझी हरकत नाही.” उताऱ्यावर आई, काका, आत्या अशी चार नावं असतील तर चौघांच्या सह्या घ्या. मळ्यातल्या शेडचा पत्ता आणि पंपाचं बिल कधीच देऊ नका. माल शेडमध्ये होऊ द्या, कार्यालय घरात ठेवा.

पत्ता ठरवताना पुढचंही बघा. गावाहून जळगावला कार्यालय हलवायचं तर भागधारकांचा विशेष ठराव करावा लागतो. आणि दारावर कंपनीच्या नावा-पत्त्याची पाटी मराठीतही लावावीच लागते, कायदाच तसा आहे.

फॉर्मचा पुढचा भाग सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) भरून प्रमाणित करतो. कंपनीचे उद्देश मात्र तुम्ही स्वतः वाचा. वेफर्सवाल्याच्या घटनापत्रात ‘सॉफ्टवेअर’ आलेलं मी पाहिलंय. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला (कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढता येतात ती रक्कम) केंद्राची नोंदणी फी नाही, पण महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून “सगळं फुकट” यावर विश्वास ठेवू नका. पॅन, टॅन (करकपातीचा क्रमांक), पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि आपल्या राज्याची व्यवसाय कर नोंदणी याच अर्जातून होते. पीएफचं नाव ऐकून घाबरू नका. नुसत्या नोंदणीने हप्ता सुरू होत नाही, कामगारसंख्या मर्यादेपर्यंत गेल्यावर होतो. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, वेगळं काढा.

प्रमाणपत्र हाती आलं की ३० दिवसांत पहिला ऑडिटर नेमा. दोघांनी ठरलेले शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात भरा आणि १८० दिवसांच्या आत आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू करण्याआधीच्या घोषणेचा फॉर्म, दाखल करा. तोवर कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, कर्जही घेता येत नाही. मुदत चुकली तर कंपनीला ५०,००० रुपये दंड, संचालकांना वेगळा.